विश्लेषण : पाणबुडीला वर का यावे लागते? अंबरनाथमध्ये विकसित झालेले तंत्र काय आहे?

डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला मोठा धोका असतो तो ‘श्वास’ घ्यायला वर येताना. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्याही त्याला अपवाद नाहीत. त्यांना अधिक काळ पाण्याखाली ठेवणारी यंत्रणा ‘डीआरडीओ’च्या अंबरनाथ येथील प्रयोगशाळेने विकसित केली आहे.

वर येण्यात धोका काय?

पाण्याखाली पाणबुडी बॅटरीवर चालते. ‘कलवरी’त बॅटरीचे ३६० घट आहेत, प्रत्येकाचे वजन सुमारे ७५० किलो. म्हणजे नुसती बॅटरीच जवळपास २७० टनांची! ती चार्ज करायला डिझेल इंजिन लागते आणि इंजिनाला हवा लागते. मग पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन ‘स्नॉर्केल’ ही नळी पाण्याबाहेर काढते. ही नळी शत्रूच्या रडारवर दिसू शकते, इंजिनाची धडधड सोनार टिपू शकतो. लपून राहणे हेच जिचे बळ, तिच्यासाठी ही वेळ जिवावरची.

त्यात वेग वाढवला की बॅटरी झपाट्याने उतरते. वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने आठपट शक्ती लागते. संथ चालीत काही दिवस पुरणारी बॅटरी पूर्ण वेगात काही तासांतच संपते.

‘एआयपी’ने काय साधेल?

‘एअर इंडिपेंडंट प्रपल्शन’ म्हणजे बाहेरच्या हवेविना वीज. इंधनघटात हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज तयार होते, उरते ते पाणी. ऑक्सिजन द्रवरूपात सोबत नेता येतो. खरी अडचण हायड्रोजनची. बंदिस्त पाणबुडीत या ज्वालाग्राही वायूचा साठा म्हणजे उशाशी निखारा. म्हणून अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने तो लागेल तसा पाणबुडीतच तयार करण्याचा मार्ग निवडला. जमिनीवरील प्रारूपाची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला.

म्हणजे पाणबुडी कापणार?

होय. तयार पाणबुडीत ही यंत्रणा बसवायला जागाच नाही. तिचे कवच आडवे कापून मधे नवा भाग जोडावा लागतो. लांबी आणि वजन वाढल्याने तोल नव्याने साधावा लागतो. खोल पाण्यातला दाब सोसण्याची जबाबदारी आता नव्या वेल्डिंगच्या सांध्यांवरही असेल आणि आतल्या नौसैनिकांचे प्राणही.

बॅटरी मात्र जागेवरच राहील. ‘एआयपी’ची वीज संथ चालीपुरती. शत्रूने माग काढलाच, तर वेगाने निसटायला बॅटरीच लागेल.