यकृत-प्रत्यारोपण शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच रक्ताचा पुनर्वापर : कार्यपद्धती, मर्यादा आणि महत्त्व

प्रस्तावना :
१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवी यकृत-प्रत्यारोपणाचा जगातील पहिला प्रयत्न केला. रुग्ण तीन वर्षांचे बालक होते. अनावर रक्तस्रावामुळे शस्त्रक्रियेच्या वेळीच त्याचा मृत्यू झाला. स्टार्झल यांना १९६७ मध्ये पहिले यश लाभले, तर भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. शस्त्रतंत्र व भूलशास्त्र यांच्या प्रगतीमुळे आज काही रुग्णांना बाहेरचे रक्त मुळीच द्यावे लागत नाही. तथापि काही रुग्णांत रक्तस्राव कित्येक लिटरपर्यंत जातो आणि त्याचा अचूक अंदाज आधी बांधता येत नाही. अशा वेळी वाहिलेले रक्त गोळा करून, धुऊन रुग्णालाच परत दिले जाते. या पद्धतीने रुग्णाला नेमके काय परत मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यकृतविकार आणि रक्तस्राव :
रक्त साकळण्यासाठी आवश्यक असणारी फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन इत्यादी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होतात. सिरॉसिसमध्ये ही निर्मिती घटते. पोर्टल शिरेतील दाब वाढल्याने पोटातील शिरा फुगतात आणि मोठ्या झालेल्या प्लीहेत प्लेटलेट्स अडकून पडल्याने रक्तातील त्यांची संख्या कमी होते. रक्त साकळू न देणारी नैसर्गिक द्रव्येही यकृतातच तयार होत असल्याने तीही घटतात. त्यामुळे एक प्रकारचा तोल राहतो, परंतु तो नाजूक असतो. जुने यकृत सोडवताना, शरीरात यकृत नसतानाच्या काळात आणि नव्या यकृतात रक्तप्रवाह सुरू होताना हा तोल ढळू शकतो.

कार्यपद्धती :
रुग्णाचे सांडलेले रक्त त्यालाच परत देण्याची कल्पना नवी नाही. एडिंबरो येथील शल्यचिकित्सक जॉन डंकन यांनी पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेत केलेला असा प्रयोग १८८६ मध्ये प्रसिद्ध केला होता. रक्तपेशी धुणारी यंत्रे मात्र १९७० च्या दशकात प्रचारात आली. या यंत्राच्या दुहेरी नळीतून एकीकडे रक्त शोषले जाते, तर दुसरीकडून त्यात हेपॅरिन किंवा सायट्रेट मिसळले जाते, जेणेकरून ते साकळू नये. पेशी फुटू नयेत म्हणून शोषणाचा दाब कमी ठेवतात. गाळणी असलेल्या टाकीत पुरेसे रक्त जमल्यावर ते वेगाने फिरणाऱ्या पात्रात सोडले जाते. जड तांबड्या पेशी कडेला साचतात व हलका रक्तद्रव बाहेर टाकला जातो. त्यानंतर या पेशी सलाईनने धुतल्या जातात. अशा रीतीने सुमारे ५० ते ६० टक्के तांबड्या पेशी असलेले घट्ट द्रावण तयार होते व ते शिरेवाटे रुग्णाला दिले जाते. रक्ताने भिजलेले कापडी बोळे सलाईनमध्ये खळबळून त्यांतील पेशीही मिळवता येतात.

यकृत-प्रत्यारोपणात या पद्धतीचा एक विशेष लाभ आहे. रक्तपेढीतील रक्तात सायट्रेट असते व ते निष्प्रभ करण्याचे काम मुख्यतः यकृत करते. शरीरात यकृत नसतानाच्या काळात रक्तपेढीचे रक्त भराभर दिल्यास सायट्रेट साठून रक्तातील कार्यक्षम कॅल्शियम घटते आणि हृदयाच्या कार्यावर परिणाम होतो. साठवणुकीत रक्तातील पोटॅशियमही वाढलेले असते. नीट धुतलेल्या स्वतःच्या पेशींत ही दोन्ही द्रव्ये अल्प असतात.

मर्यादा :
धुण्यामुळे अपायकारक द्रव्ये जातात, तशीच रक्त साकळविणारी प्रथिने आणि प्लेटलेट्सही जातात. परत मिळतो तो प्राणवायू वाहून नेणारा घटक. रक्तस्राव थांबविणारा घटक नव्हे. केवळ धुतलेल्या पेशींवर विसंबल्यास रक्त अधिकच पातळ होऊन रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. म्हणून रक्ताच्या चाचण्या वेळोवेळी करून गरजेनुसार प्लाझ्मा, फायब्रिनोजेन व प्लेटलेट्स स्वतंत्रपणे द्यावे लागतात.

दुसरी अडचण दूषिततेची. आतड्यातील द्रव मिसळल्यास जंतुसंसर्गाची भीती असते आणि धुण्याने सर्व जंतू निघून जात नाहीत. यकृताच्या कर्करोगात तर गोळा केलेल्या रक्तात कर्कपेशी येऊ शकतात. पांढऱ्या पेशी अडविणाऱ्या विशेष गाळणीने त्या बऱ्याच कमी होतात, तर ५० ग्रे इतका किरणोत्सर्ग दिल्यास त्यांची वाढण्याची क्षमता नष्ट होते. तरीही अशा रुग्णांत लाभ व धोका तोलूनच निर्णय घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न खर्चाचा. प्रत्येक रुग्णासाठी नवा नळीसंच लागतो. म्हणून प्रारंभी केवळ रक्त गोळा करण्याची टाकी जोडावी व पुरेसे रक्त जमले तरच धुण्याचा संच उघडावा, ही काटकसरीची रीत अनेक ठिकाणी पाळली जाते.

सामाजिक संदर्भ :
सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्याच्या प्रथेस बंदी आली. तेव्हापासून रक्तपुरवठ्याचा भार स्वेच्छादाते आणि रुग्णाचे आप्तेष्ट यांच्यावर आहे. दुर्मीळ रक्तगटाच्या रुग्णांची अडचण तर याहून मोठी असते. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या व्यक्तीला ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशीही चालत नाहीत. त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. अशा रुग्णाच्या बाबतीत वाया जाणारी प्रत्येक पेशी मोलाची ठरते.

निष्कर्ष :
रुग्णाच्याच रक्ताचा पुनर्वापर हा रक्तपेढीला पर्याय नसून तिच्यावरील भार हलका करणारा पूरक उपाय आहे. तो तांबड्या पेशी वाचवतो, रक्त साकळण्याची शक्ती परत देत नाही. हा भेद ध्यानी ठेवून काटेकोर शस्त्रतंत्र, वेळोवेळी केलेल्या चाचण्या आणि रक्तघटकांचा विवेकी वापर यांच्या जोडीने तो योजला, तरच त्याचा खरा लाभ रुग्णाला होतो. ऐच्छिक रक्तदानाची आवश्यकता मात्र त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.