सात-बाराचा सात डिसेंबर

एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा आणि एंटर मारा. कास्तकाराचा सात-बारा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी सात डिसेंबर येऊन बसतो. संगणक अमेरिकी तारखेवर ठेवलेला असेल तर बारा जुलै. गट क्रमांक ४/२ असला तर चार फेब्रुवारी. वणीत कापसाच्या हंगामात जिनिंगच्या ऑफिसात, अडतीच्या गादीवर, सेतू केंद्रात याद्या करायला बसणाऱ्या पोराला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो. हुशार पोरगा आकड्याआधी वरचा स्वल्पविराम टाकायला शिकतो. न शिकलेल्याच्या यादीत अर्ध्या गावाची शेती कॅलेंडरवर जाते.

मी वणीत बत्तीस वर्षं हिशेब लिहिले. पहिली काही लाल खातेवहीत, उरलेली पडद्यावर. लाल वहीला सूचना करावी लागत नसे. रकाना कमी पडला की फूटपट्टी घ्यायची आणि रेघ मारायची. पडद्यावर रेघ मारायचा हक्क आपल्याला नसतो. तो बंगळुरूच्या, नाहीतर सिएटलच्या कुणाच्या तरी हातात असतो आणि त्याला विनंती करावी लागते. या विनंतीचं पुढे काय होतं, हा या लेखाचा विषय.

सात डिसेंबरचं दुखणं फक्त आमचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण मोठमोठे शास्त्रज्ञही त्यात अडकले. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावं मार्च १, सेप्ट १ अशी दिसणारी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असं आढळलं की, ज्या जनुकशास्त्रीय निबंधांना एक्सेलच्या याद्या जोडल्या होत्या त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात नावांचा असा घोटाळा होता. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तक्रार केली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने एक्सेल काढणाऱ्या मायक्रोसॉफ्टची वाट पाहणं सोडलं आणि जनुकांचीच नावं बदलली. आपोआप होणारा हा बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये सर्वांसाठी आली २०२३ च्या ऑक्टोबरात. निसर्गाने केलेल्या वस्तूचं नाव बदललं, तेव्हा कुठे माणसाने केलेल्या वस्तूत एक बटण आलं. सात-बाराचं नाव बदलायला कोणती समिती बसणार?

दुसरं उदाहरण आमच्या धंद्याचं. पावती म्हटली की आकड्याखाली ‘अक्षरी रुपये’ ही ओळ येतेच. एक्सेलमध्ये आकड्याचे शब्द करणारं एक तयार सूत्र आहे. त्याचं नाव बाहटटेक्स्ट. ते थायलंडच्या बाहतमध्ये, थाई भाषेत रक्कम लिहून देतं. रुपयासाठी तसं काही नाही. डॉलरसाठीही नाही, हे न्यायाने सांगायला हवं. कंपनीने मदतीच्या पानावर एक लांबलचक प्रोग्रॅम दिलेला आहे, तो उतरवून घ्यायचा. पण त्यात डॉलर आणि सेंट, हजारावर थेट मिलियन. लाख-कोटी आपले आपण बसवायचे. मग फाइल वेगळ्या प्रकाराने साठवायची, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडली की सुरक्षेची पिवळी पट्टी आडवी येते. थायलंडचा मुनीम सुखी आहे. का, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

याउलट टॅली. बिल काढलं की खाली अक्षरी रक्कम छापूनच येते. हा फरक भाषाप्रेमाचा नाही. टॅली जन्मलीच मुळी एका गिऱ्हाइकाच्या वैतागातून. श्यामसुंदर गोयंका बंगळुरूत कापड गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या धंद्याचा हिशेब ठेवणारं धड सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. गणिताचा पदवीधर मुलगा भरत घरातच होता. त्याला त्यांनी ते लिहायला बसवलं. १९८६ मध्ये प्युट्रॉनिक्स नावाने कंपनी सुरू झाली. २०२० मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. सूचना करणारा आणि ती अमलात आणणारा एकाच ताटावर जेवायला बसत होते. तक्रारीच्या तिकीट क्रमांकाची गरजच नव्हती.

पुढे कंपनी वाढली, तरी त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली. टीडीएल नावाची त्यांची स्वतःची संगणकी भाषा आहे, तिच्यात गावोगावचे विक्रेते गिऱ्हाइकाला हवा तो रकाना घालून देतात. आमच्याकडे टॅली बसवणारे गृहस्थ स्कूटरवरून यायचे, चहा घ्यायचे, “भाऊ, गाठीचा नंबर कुठं पाहिजे, वर का खाली?” विचारायचे आणि चार दिवसांनी फाइल आणून द्यायचे. पैसे घ्यायचे, अर्थात. पण त्यांच्यासमोर बसून ‘हे जमत नाही’ असं ऐकून घेण्यातही समाधान होतं.

आता माझा अनुभव. एका कंपनीचं, नाव राहू द्या, बिलांचं मोबाइल ॲप गादीवर आलं. कास्तकाराच्या हिशेबपट्टीत ते हमाली आणि तोलाई एकत्र करून ‘इतर खर्च’ अशी एकच ओळ छापायचं. पट्टी हातात पडली की कास्तकार विचारायचा, “हे इतर कोन आहे भाऊ?” प्रश्न रास्त होता. मी सूचनेचा फॉर्म उघडला. फॉर्म इंग्रजीत, अक्षरांना मर्यादा, आणि ‘तोलाई’ला इंग्रजी शब्द शोधता शोधता दुपार गेली. पाठवल्यावर दोन मिनिटांत उत्तर: आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. पंधरा दिवसांनी दुसरं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. तिसऱ्यात विचारलं होतं, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? ‘इतर खर्च’ तसाच होता. आम्ही शिक्का करून घेतला, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, आणि छापलेल्या पट्टीवर मारू लागलो. शिक्क्याला शाई लागते, अपडेट लागत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एक तर आपण दुखणं सांगत नाही, औषध सांगतो. ‘इथे एक बटण द्या’ असं लिहितो. ते नसल्यामुळे रोज किती वेळ जातो, काय चुकतं, हे लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं. दुसरं, एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण होऊ शकते. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी होता असं आजही मानतं. जुन्या लोटस १-२-३ मधली ही चूक तिच्या फाइली चालाव्यात म्हणून मुद्दाम घेतली, आणि आता सुधारायला जावं तर जगभरच्या याद्यांमधल्या तारखा सरकतील. तिसरं कारण वकिलांचं. तुमची कल्पना वाचली आणि पुढे तशीच वस्तू काढली, तर तुम्ही हक्क सांगाल ही भीती. ॲपल तर जाहीर सांगते की आहे त्या मालाबद्दल अभिप्राय चालेल, न मागितलेल्या कल्पना पाठवू नका. पाठवल्यात तर त्या आमच्या, मोबदला मिळणार नाही.

मग मतदानाची पद्धत आली. सूचना मांडा, लोक मतं देतील, जास्त मतांची सूचना आधी. दिसायला लोकशाही. पण अडतीच्या मुनिमाला मतं मिळणार कुठून? तोलाई जिथे असते तिथले लोक मतं द्यायला जात नाहीत, आणि मतं देणाऱ्यांना तोलाई ठाऊक नसते. मायक्रोसॉफ्ट अशी मतं एका बाहेरच्या कंपनीच्या व्यवस्थेवर गोळा करत असे. ती व्यवस्था सोडत असल्याचं तिने २०२१ मध्ये जाहीर केलं.

मराठी माणसाच्या सूचना साध्या अक्षरांपासून सुरू होतात. ‘वऱ्हाड’ आणि ‘पऱ्हाटी’ या आमच्या दोन्ही शब्दांत तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र लागतो. तो नसला तर दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना आचार्यांचा मान मिळतो. युनिकोडमध्ये तो ज्या ‘ऱ’ पासून बनतो, तो द्राविडी भाषांतला र देवनागरीत लिहिण्यासाठी म्हणून नोंदलेला आहे. वऱ्हाडला आपली पापणी दक्षिणेकडून उसनी मिळाली म्हणायची. ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतःचा क्रमांक मिळाला तो थेट एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र चिकटवायच्या नाना युक्त्या होत्या. त्याच वर्षी जुलैत आयफोनचं ॲप-दुकान उघडलं. ‘ॲप’ हा शब्द मराठीत नीट लिहायची सोय, ॲपं विकायला येण्याच्या तीन महिने आधी झाली. युनिकोडचं काम संथ, पण तिथे एक गोष्ट मला आवडते: प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो आणि फेटाळला तर त्याची नोंद राहते. नकार मिळाला तर माणूस दुसरी वाट शोधतो. उत्तरच नाही आलं तर तो वाट पाहत बसतो.

वाट पाहून कंटाळलेल्यांनी काय केलं, तेही महाराष्ट्राने पाहिलं. २०२० च्या ऑक्टोबरात मनसेने ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मराठी भाषा द्या अशी मागणी केली. पत्रं गेली, कंपनीकडून ईमेल आला. नंतर प्रकरण कोर्टात गेलं, राज ठाकरेंना नोटीस निघाली, आणि २५ डिसेंबरला मुंबई-पुण्यात कंपनीच्या जागांची तोडफोड झाली. २०२१ च्या सप्टेंबरात ॲपमध्ये मराठी आली. तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. काचेमागे पगारावर काम करणारी पोरंही मराठीच असतात. विनंती संपल्यावर काय करायचं, याचा वेगळा धडा आमच्या जिल्ह्याकडे आहे. वणीतच १८८० मध्ये जन्मलेल्या स्वातंत्र्यसैनिक बापूजी अण्यांनी १९३० च्या जुलैत पुसदला इंग्रजांची बंदी मोडून राखीव जंगलात जाऊन गवत कापलं आणि अटक करवून घेतली. कुणाची काच फुटली नाही.

ऐकलं गेल्याचं चांगलं उदाहरण मला सरकारी ॲपमध्ये सापडतं, याचं मलाच नवल वाटतं. कास्तकाराने आपलं पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचं, ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. आमच्याकडे निव्वळ कपाशीचं वावर कमी. कपाशीत तूर असतेच. २०२२ च्या खरिपाला आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवायची सोय झाली आणि केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. एका वर्षात. माझ्या मते कारण एकच: ॲप आणि कास्तकार यांच्यामध्ये तलाठी होता. चुकलेली नोंद घेऊन माणूस त्याच्या टेबलासमोर उभा राहत होता. तलाठ्याला उत्तर द्यावं लागे, म्हणून तोही वर विचारी.

दुसऱ्या एका सरकारी ॲपला असा तलाठी नाही. भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) २०२५ मध्ये हमीभावाच्या कापसासाठी ‘कपास किसान’ ॲप आणलं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला लांब धाग्याला ८,११० रुपये, मध्यमला ७,७१० रुपये होता. आधी ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग गाडी. नोंदणी ३० सप्टेंबरपर्यंत होती. ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. ‘मुदत वाढवा’ ही एकच सूचना आपल्याकडे ताबडतोब मान्य होते. ॲप बदलावं लागत नाही, तारीख बदलली की भागतं. बाकीच्या सूचना केंद्राच्या दारात, ट्रॅक्टरच्या मुंडक्यावर बसून केल्या जातात. त्या ऐकायला तिथे मापारी असतो आणि हमाल असतो. ॲप लिहिणारा नसतो. दर हंगामात त्याला आठ दिवस त्या दारात खुर्ची टाकून बसवावं, अशी माझी सूचना आहे. ती कोणत्या फॉर्मवर लिहायची, ते कोणी कळवलं तर उपकार होतील.

या लेखाच्या मानधनाची पावती संपादकांनी एक्सेलच्या फाइलमध्ये पाठवली आहे. रकमेची चौकट भरलेली आहे. ‘अक्षरी रुपये’ पुढची ओळ कोरी आहे, ती मी पेनाने भरून पाठवतो.