एकत्र खरेदी: कंपनी करते, मग आपण का नाही?

जळगावच्या जैन इरिगेशनचे कारखाने तामिळनाडूत उदुमलपेटलाही आहेत. इतक्या मोठ्या कंपनीत प्रत्येक कारखान्याने कच्चा माल वेगवेगळा घेतला, तर विकणारा ज्याला त्याला वेगळा भाव लावणार. म्हणून वर्षाची गरज आधी गोळा करायची, प्रत एकच ठरवायची, मग सौदा. माल मात्र ज्याच्या त्याच्या दारात उतरतो.

अवघड असतं ते प्रत ठरवणं. १० शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढता येते, पण कपाशीचं बियाणं प्रत्येकाला वेगळंच पाहिजे! म्हणून सुरुवात खतापासून करा. १०:२६:२६ सगळ्यांचं सारखंच. ऐन पेरणीत दुकानदार खतासोबत नको ते गळ्यात मारतो, म्हणून मागणी एप्रिलमध्येच लिहून घ्या. कंपनीला खतविक्रीचा परवाना लागतो. अन् पैसे आधी जमा करा, नाहीतर गाडी आल्यावर निम्मे गायब.