पडवीतून नैरोबी

आषाढातली रात्र, पावणेतीनची वेळ. कौलांवर पाऊस कोसळतोय आणि पावसच्या घरात, पडवीतल्या टेबलाशी बसून, मी मुंबईच्या धावपट्टीवर बोइंग ७८७ उभं केलंय. जायचंय नैरोबीला. सुमारे साडेचार हजार किलोमीटर, पावणेसहा तास, आणि मधे बहुतेक नुसता अरबी समुद्र. आमच्या सड्यावरून दिसतो तोच.

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये काळ चौपट पळवायची सोय असते. मी ती वापरत नाही. (घरात याला काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.) मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर १९८२ चा, त्यातले डोंगर म्हणजे चार रेघा. २०२० च्या आवृत्तीत मात्र त्या त्या घटकेचे खरे ढग आणि वारे पडद्यावर येतात. मग घाई कशाला करायची?

आधी इंधनाचा हिशेब. प्रवासापुरतं, त्यावर पाच टक्के, नैरोबीत उतरता आलं नाही तर मोंबासा गाठण्यापुरतं आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं. टाक्या काठोकाठ भराव्यात तर जादा इंधन वाहून नेण्यातच इंधन जळतं. इंजिनं दोनच, एक बंद पडलं तर सलाला की सेशेल्स, हेही आधीच ठरवायचं.

किनारा मागे पडला की थोड्याच वेळात रडारची नजर संपते. तिथून खरे वैमानिक आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत किंवा खरखरत्या एचएफ रेडिओवरून कळवतात. समुद्रावरच्या ठरलेल्या बिंदूंना पाच अक्षरी नावं असतात. प्रत्येक बिंदूपाशी वेळ आणि उरलेलं इंधन मी वहीत मांडतो. रात्रभराचं काम म्हणाल तर एवढंच.

आणि वारा पाहायचा. आमची कौलं झोडपणारा नैऋत्य वारा सोमालियाच्या किनाऱ्यालगत, दीडेक किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात असतो. पण त्याच दिवसांत बारा-पंधरा किलोमीटरवर बरोबर उलटा, पूर्वेकडून आफ्रिकेकडे जाणारा झोत वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. म्हणजे खाली समोरून वारा, वर पाठीशी! शिडाच्या गलबतांना ही चैन नव्हती. आफ्रिकेला जायला ती हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्याची वाट पाहत. एअर इंडियाने मुंबई–नैरोबी सेवा सुरू केली ती १९५० मध्ये.

सव्वाचारला लाईट गेली. इन्व्हर्टरवर पाऊण तास निघाला. आणखी थोडा वेळ लागता तर माझं ७८७ सोकोत्राच्या बरंच अलीकडे, इंधन असूनही, नाहीसं झालं असतं.

सहानंतर पडवीत उजाडलं, पडद्यावर मात्र मिट्ट काळोख. विषुववृत्ताजवळ सूर्य पश्चिमेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने सरकतो, विमान नऊशेने. रात्र लांबते, पण सूर्य गाठतोच.

"अहो, अजून पोचला नाहीत?" चहा ठेवत सौ. म्हणाली.

"सोमालियाचा किनारा आत्ता आला."

"मग दूध आणून पुढे जा."

विमान ऑटोपायलटवर सोडून दूध आणलं. नैरोबीचा विमानतळ सोळाशे मीटरहून उंच. विरळ हवेत काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो, जमिनीवरून मात्र विमान जास्त जोरात धावतं, म्हणून आवर लवकर घालावा लागतो. जुलैतल्या पहाटे तिथे खालचे ढगही असतात. त्यांतून दिव्यांची रांग दिसली, तेव्हा केनियात सव्वासहा वाजले होते आणि आमच्याकडे पावणेनऊ.