विस्मरण: कारणं अनेक, खापर मात्र वयावर

पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री उशिरापर्यंत पुस्तकात डोकं घालून बसतात आणि तक्रार एकच करतात, 'वाचलेलं लक्षात राहत नाही.' त्याच पेठांतली सत्तरी ओलांडलेली माणसं हेच वाक्य वेगळ्या भीतीने उच्चारतात. पहिल्याला आपण आळशी ठरवतो, दुसऱ्याला म्हातारा. बहुतेक वेळा दोन्ही निदानं चुकतात. विसरण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

या अभ्यासाची शास्त्रीय सुरुवात 1885 साली जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केली. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ते स्वतः पाठ करत. मग काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे ते मोजत. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे 58 टक्के भरली, तासाभराने 44, दिवसाने 34 आणि महिन्याने 21. म्हणजे पडझड होते ती मुख्यतः पहिल्या काही तासांत. नंतर ती मंदावते. 2015 साली नेदरलँड्समध्ये हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हाही आलेख जवळजवळ तसाच निघाला.

आलेखाने 'किती' ते सांगितलं. 'का' ते सांगितलं नाही. 'काळाच्या ओघात पुसट झालं' हे आपलं नेहमीचं उत्तर 1932 साली जॉन मॅकगिओ यांनी खोडून काढलं. लोखंड काळामुळे गंजत नाही, त्या काळात त्याच्यावर जी प्रक्रिया होते तिच्यामुळे गंजतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी 1924 मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं होतं की पाठांतरानंतर झोपलेल्यांच्या लक्षात जास्त राहतं आणि तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांच्या कमी. वेळ सारखाच, फरक पडला तो मधल्या काळात मनावर आदळलेल्या नव्या गोष्टींचा. झोपेत मेंदू दिवसभरातल्या आठवणी पक्क्याही करतो, हे पुढच्या संशोधनातून स्पष्ट झालं. रात्र जागून केलेला अभ्यास म्हणूनच तोट्यात जातो.

नवं जसं जुन्याला अडवतं, तसं जुनंही नव्याला अडवतं. 2007 साली पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, तरी अनेक जुन्या पुणेकरांच्या तोंडी 'पीएमटी'च येतं. बदललेला पासवर्ड टाकताना बोटं जुन्याकडेच वळतात, त्यामागेही हेच कारण. 1957 मध्ये बेंटन अंडरवूड यांनी दाखवलं की प्रयोगशाळेतलं बरंचसं विस्मरण आधी पाठ केलेल्या याद्यांच्या अडथळ्यामुळे होतं.

काही गोष्टी तर आपण विसरतच नाही, कारण त्या मुळात नोंदल्याच जात नाहीत. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, ही शंका त्यातलीच. हात काम करत होते, लक्ष दुसरीकडे होतं. ज्याकडे लक्ष नव्हतं, ते आठवायचं कुठून?

याहून दिलासा देणारा शोध 1966 चा. एंडेल टल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी लोकांना शब्दांच्या याद्या दिल्या. नुसतं 'आठवा' म्हटल्यावर जे शब्द सुचेनात, ते शब्द कोणत्या प्रकारातले होते एवढं सांगताच पुष्कळसे परत आले. शब्द मनात होते, फक्त सापडत नव्हते. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि घरी पोचल्यावर आपोआप सुचतं, ते यामुळेच.

सापडण्याची वाट पक्की कशी करायची, याचं उत्तम उदाहरण पुण्याला नवं नाही. वेदपाठशाळेत विद्यार्थी गुरूंकडून संथा घेतो आणि पोथी न पाहता म्हणून दाखवतो. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ असं करत तो घनपाठापर्यंत जातो. तिथे शब्द पुढे-मागे उलटसुलट गुंफले जातात. कुठूनही सुरुवात केली तरी साखळी लागते आणि चूक लगेच उघडी पडते. 1875 साली पुण्यात स्थापन झालेली वेदशास्त्रोत्तेजक सभा अशा पाठांतराच्या परीक्षा घेत आली आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी प्रयोगाने जे सिद्ध केलं, ते या पद्धतीत आधीपासून होतं: पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून बघणं आठवड्यानंतर कितीतरी अधिक टिकतं.

नकोशा आठवणी मन दडपतं, हे सिग्मंड फ्रॉइड यांचं स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण त्याला मिळालेला पुरावा तोकडा आहे. तीव्र आघात बहुतेकांना विसरताच येत नाहीत. मात्र लक्षात राहिलेलं सगळं खरं असतं, असंही नाही. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. तो दिवस पाहिलेल्यांना आपण कुठे उभे होतो हे चित्रासारखं दिसतं. अशा ठसठशीत आठवणींची परीक्षा उल्रिक नायसर यांनी घेतली. 1986 च्या चॅलेंजर यानाच्या अपघाताची हकीगत विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतली आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारली. अनेकांची हकीगत पार बदलली होती. खात्री मात्र ढळली नव्हती. आठवताना मन प्रसंगाची दरवेळी नव्याने जुळणी करतं. पुराच्या आठवणी म्हणूनच सांगणाऱ्यांच्या हयातीत नोंदवाव्यात आणि त्या काळच्या कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात.

या सगळ्याहून वेगळं विस्मरण म्हणजे आजाराचं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुणेकर दिग्दर्शकांच्या 'अस्तु' या चित्रपटात, स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित उभे केले आहेत. अल्झायमरमध्ये सहसा ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या अधिक टिकतात. हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओदुल रिबो यांनी 1881 मध्येच मांडला होता. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं नेहमीचं आहे. चष्मा कशासाठी असतो हे विसरणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न पाच मिनिटांत चारदा विचारणं ही तपासणीची वेळ आहे. त्यातही प्रत्येक वेळी अल्झायमरच असतो असं नाही. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधं यांमुळेही स्मृती मंदावते आणि यांतल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. अभ्यास करणाऱ्या मुलांनी पान वाचून झालं की पुस्तक मिटावं आणि आठवेल ते लिहून काढावं. अडलं तरच पुन्हा उघडावं, आणि रात्रीची झोप मोडू नये. आणि या दिवाळीत घरातल्या ज्येष्ठांना 'ओळखलंत का मला?' असं कोड्यात टाकू नका. आपण होऊन नाव सांगा, नातं सांगा, बाजूला बसा. विसर वाढलेला दिसला तर 'वयच झालं' म्हणून सोडून न देता त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.