सावंतवाडीचा राजवाडा

सावंतवाडीस गेल्यावर मोती तलावाजवळचा जुना राजवाडा पाहावाच. परंतु नव्यानें डागडुजी झालेल्या भिंती पाहून मागें फिरूं नये. आंत चितारी गंजिफा रंगवितात. दशावतारी गंजिफेचीं पानें १२०. अवतार १०, प्रत्येकाचीं पानें १२. छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला मरणपंथास लागली. तेव्हां, १९७० नंतरच्या काळांत, शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं ती स्वतः शिकून वाड्यांतच पुढें चालविली. तेथून चितारआळींत जावें. रंगविलेलीं लाकडी फळें व खेळणीं तेथें मिळतात. एखादें अवश्य घ्यावें. वाड्याची दुरुस्ती पैशानें होते. कारागिराचा हात मात्र गिऱ्हाइकावांचून टिकत नाहीं.