कानात बोळे, तरी रेडिओ नाही

लोकलच्या दारात लटकलेली विशीतली पोरं पाहा. बहुतेकांच्या कानांत बोळे असतात. कुणी पॉडकास्ट ऐकतंय, कुणी रॅप, कुणी परीक्षेचं लेक्चर. तेव्हा ‘या पिढीला ऐकायचा कंटाळा’ हे म्हणणं पहिल्याच फटक्यात बाद. ऐकणं चालू आहे. त्यात रेडिओ नाही, एवढंच.

मग खापर मोबाइलवर फुटतं. पण तरुण श्रोता गमवायला मोबाइल लागत नाही, हे आकाशवाणीने सत्तर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. १९५२ साली नभोवाणी खातं हाती आलेले बा. वि. केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. हेतू अभिरुची सुधारण्याचा होता. श्रोत्यांनी अभिरुची होती तिथेच ठेवली आणि काटा रेडिओ सिलोनवर नेला. तिथे त्याच वर्षी अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गाण्यांची क्रमवारी, तिच्यासाठी येणारा पत्रांचा ढीग, पुढे गावोगावचे श्रोता संघ. आपलं मत कुणीतरी मोजतंय, ही नशा त्यात होती. आकाशवाणीला शहाणपण सुचलं ते ३ ऑक्टोबर १९५७ ला, ‘विविध भारती’च्या रूपाने.

या इतिहासातून सोयीचा धडा घेतला जातो: हिट गाणी लावा, पोरं येतील. सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. तेव्हा गाणं दुर्मीळ होतं. आज ते खिशात आहे, तेही हवं तेव्हा, जाहिरातीआधी थांबवता येईल असं. त्या शर्यतीत रेडिओ हरणारच.

ऑस्ट्रेलियातल्या ‘ट्रिपल जे’ने वेगळी वाट धरली. एबीसी या सार्वजनिक संस्थेचं हे स्टेशन १९ जानेवारी १९७५ ला सिडनीत ‘डबल जे’ नावाने सुरू झालं, तेच मुळी खासगी स्टेशनांनी बंदी घातलेलं गाणं वाजवून. १९९५ पासून त्यांचा ‘अनअर्थ्ड’ हा उपक्रम नवख्या, करार नसलेल्या कलाकारांकडून गाणी मागवतो. २००१ मध्ये शाळेत शिकणाऱ्या मिसी हिगिन्सचं गाणं तिच्या बहिणीने परस्पर पाठवलं आणि ते जिंकलं. पुढे ती देशभर नावाजली गेली. वर्षातली सर्वोत्तम शंभर गाणीही तिथे श्रोतेच मतं देऊन ठरवतात. आणि वय वाढलेल्या श्रोत्यांचं काय? त्यांच्यासाठी २०१४ मध्ये ‘डबल जे’ हे जुनंच नाव देऊन वेगळं डिजिटल स्टेशन काढलं. मूळ स्टेशनला श्रोत्यांबरोबर म्हातारं व्हावं लागलं नाही. मला यातली ही शेवटची चाल सर्वांत हुशारीची वाटते.

‘फोनमध्ये एफएम असतंच की’ हा आणखी एक भ्रम. एफएमला अँटेना लागते आणि फोनमध्ये ते काम इअरफोनची वायर करते. वायरची खाच गेली, बिनतारी बोळे आले आणि कित्येक फोनमधून एफएमही गेलं. म्हणून तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवायला सांगितलं.

राहिली आपल्या खासगी स्टेशनांची आवडती सबब: ‘बातम्यांना बंदी, मग गाण्यांशिवाय करणार काय?’ स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा घ्याव्या लागतात, हे खरं. पण २०११ च्या धोरणाने परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअरचा सल्ला, नोकऱ्यांच्या जागा, वाहतूक, हवामान, पाणी आणि वीज हे विषय बातम्यांत धरलेलेच नाहीत. म्हणजे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीला ज्याची रोज काळजी असते, ते जवळपास सगळं बोलायला मोकळीक आहे. स्टेशनवाल्यांनो, दोन गाण्यांच्या मधली जागा एकदा तिच्या हाती देऊन पाहा.